डेन्मार्कमधील पवनविद्युत् व लोकसहभाग

वाऱ्यापासून वीज निर्माण करणाऱ्या आधुनिक यंत्राची रचना डेन्मार्कमध्ये १९७४ ते १९९० च्या दरम्यान ज्या रीतीने सिद्ध झाली, ती तंत्रविद्येच्या इतिहासात असाधारण मानली जाते. नव्या ऊर्जासाधनाची आखणी तज्ञांनी करावयाची, भांडवल शासनाने वा मोठ्या उद्योगसंस्थेने पुरवावयाचे आणि तयार झालेली वस्तू सामान्य नागरिकाने स्वीकारावयाची किंवा नाकारावयाची, हा विसाव्या शतकातील रूढ क्रम होय. डेन्मार्कमध्ये हा क्रम बव्हंशी उलटा झाला. तेथे सुतार, लोहार, शिक्षक, शेतकरी, विद्यार्थी आणि स्वतःच्या पैशाने यंत्र विकत घेणारी कुटुंबे यांनी यंत्राच्या रचनेत प्रथमपासून भाग घेतला. शासकीय प्रयोगशाळा त्यांच्या मागून आली आणि तिने त्यांच्या अनुभवाला शास्त्राची जोड दिली. अमेरिका व जर्मनी या देशांनी त्याच काळात कितीतरी अधिक द्रव्य खर्चून आखलेली प्रचंड यंत्रे बंद पडली. डेन्मार्कमधील छोटी यंत्रे मात्र टिकली, क्रमाने मोठी होत गेली आणि जगभर पसरली.

पूर्वपीठिका : या घटनेची मुळे एकोणिसाव्या शतकातील दोन डॅनिश संस्थांत आढळतात. एन्. एफ्. एस्. ग्रुंटव्ही (१७८३–१८७२) या धर्मोपदेशक व कवीच्या विचारांतून निर्माण झालेल्या लोकविद्यालयांत शेतकऱ्यांच्या तरुण मुलामुलींना परीक्षा व पदव्यांवाचून शिक्षण मिळे. असे पहिले विद्यालय १८४४ मध्ये रोडिंग येथे निघाले. दुसरी संस्था सहकारी दुग्धालयांची. पहिले सहकारी दुग्धालय येडिंग येथे १८८२ मध्ये सुरू झाले आणि पुढील दोन दशकांत देशातील बहुतेक शेतकरी अशा संस्थांचे सभासद झाले. यंत्र सर्वांनी मिळून विकत घ्यावे, त्याचा हिशेब सर्वांना दिसावा आणि त्याच्या चालण्याविषयी प्रत्येक सभासदाने प्रश्न विचारावा, ही सवय ग्रामीण डेन्मार्कमध्ये पवनविद्युत् येण्यापूर्वीच रुजली होती.

आस्कॉव्ह येथील लोकविद्यालयात पोल ला कूर (१८४६–१९०८) हे भौतिकीचे अध्यापक होते. त्यापूर्वी ते डॅनिश वातावरणविज्ञान संस्थेचे उपसंचालक होते व तारायंत्रविषयक संशोधनामुळे त्यांचे नाव झालेले होते. शहरांत वीज आली आणि खेडी अंधारात राहिली, तर खेडी ओस पडतील, ही त्यांची चिंता होती. १८९१ मध्ये शासकीय साहाय्याने त्यांनी आस्कॉव्ह येथे विद्युत् जनित्राला जोडलेली पवनचक्की उभारली. वारा अनियमित असल्याने ऊर्जा साठविण्याचा प्रश्न होताच. ला कूर यांनी विजेने पाण्याचे विच्छेदन करून हायड्रोजन वायू साठविला आणि १८९५ पासून काही वर्षे विद्यालयातील दिवे त्या वायूवर चालविले. वायूचे स्फोट होऊन खिडक्यांची तावदाने फुटण्याचे प्रकारही घडले. परंतु प्रयोग थांबले नाहीत. वातनलिकेत केलेल्या प्रयोगांवरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, पुष्कळ पात्यांच्या मंद चक्रापेक्षा थोड्या पात्यांचे वेगवान चक्र वीजनिर्मितीस अधिक उपयुक्त असते. मात्र त्यांचे सर्वांत दूरगामी कार्य कदाचित निराळेच होते. १९०३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने पवनविद्युत् संघ स्थापन झाला आणि १९०४ पासून आस्कॉव्ह येथे खेड्यातील तरुणांना वीजतंत्राचे शिक्षण देणारे वर्ग सुरू झाले. १९१८ च्या सुमारास देशात सु. १२० ग्रामीण वीजकेंद्रे पवनचक्क्यांवर चालत होती. त्यांपैकी बहुतेकांची क्षमता २० ते ३५ किवॉ. होती.

१९०४ च्या वर्गातील एक विद्यार्थी योहानेस यूल (१८८७–१९६९) पुढे एका वीज कंपनीत अभियंता झाला. दुसऱ्या महायुद्धातील इंधनटंचाई अनुभवल्यानंतर यूल यांनी १९४७ पासून पुन्हा प्रयोग आरंभिले. प्रथम दोन लहान यंत्रे उभारून १९५७ मध्ये त्यांनी देशाच्या दक्षिण टोकाजवळील गेडसर येथे २०० किवॉ. क्षमतेचे यंत्र सुरू केले. त्याचे चक्र २४ मी. व्यासाचे असून त्याला वाऱ्यास सामोरी राहणारी तीन पाती होती. या यंत्राची रचना थोडी तपशिलाने समजून घेणे आवश्यक आहे; कारण पुढील सर्व घडामोडींचा तोच पाया होय.

गेडसर येथील यंत्रात प्रवर्तन जनित्र वापरले होते. कारखान्यात सर्वत्र आढळणारा साधा विद्युत् चलित्र (मोटर) त्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा किंचित अधिक वेगाने बाहेरून फिरविला, तर तो वीज खाण्याऐवजी वीज देऊ लागतो. प्रवर्तन जनित्र म्हणजे तत्त्वतः हेच. ते प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाहाच्या सार्वजनिक जालास जोडले की, जालच त्याचा वेग जवळजवळ स्थिर राखते. यूल यांनी पाती आसाशी पक्की बसविली; ती वाऱ्याप्रमाणे फिरवून कोन बदलण्याची गुंतागुंतीची यंत्रणा टाळली. वारा मर्यादेपलीकडे वाढला म्हणजे पात्याच्या पाठीवरून वाहणारी हवा पात्यापासून विलग होते, उचल कमी होते आणि यंत्राची शक्ती आपोआप मर्यादेत राहते. प्रश्न उरतो तो जाल तुटल्यास काय करावयाचे हा. जाल तुटताच जनित्राचा लगाम सुटतो आणि चक्र मोकाट सुटून काही क्षणांत स्वतःच्या वेगाने फुटू शकते. यासाठी यूल यांनी पात्यांची टोके आडवी वळून हवेचा रोध निर्माण करतील, अशी योजना केली होती. हे यंत्र १९६७ पर्यंत फारशा दुरुस्तीवाचून चालले. तथापि खनिज तेल अतिशय स्वस्त झाल्यामुळे १९६२ मध्येच वीज कंपन्यांच्या समितीने पवनविद्युत् परवडणारी नाही असा निर्णय दिला होता. त्यामुळे यंत्र बंद पडले ते तसेच उभे राहिले.

तेलसंकट व अणुऊर्जेचा वाद : १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव भडकले, त्यावेळी डेन्मार्कची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात केलेल्या तेलावर अवलंबून होती. रविवारी मोटारगाड्या चालविण्यास बंदी झाली. वीज कंपन्यांनी अणुवीजकेंद्रे उभारण्याचा मार्ग पुढे मांडला. त्यास प्रतिसाद म्हणून जानेवारी १९७४ मध्ये अणुऊर्जेविषयी माहिती देणारी एक नागरी संघटना स्थापन झाली. तिने आरंभी सरसकट विरोधाऐवजी निर्णय पुढे ढकलून जनतेला विचार करण्यास अवधी द्यावा, अशी मागणी केली. शासनाने १९७४ मध्ये ऊर्जाविषयक लोकशिक्षणासाठी समिती नेमली आणि गावोगावी अभ्यासमंडळांना अनुदान दिले. हसऱ्या सूर्याचे जे बोधचिन्ह पुढे जगभर अणुविरोधी चळवळीचे प्रतीक बनले, ते १९७५ मध्ये आर्हुस येथे याच चळवळीतून निघाले.

नुसता नकार पुरेसा नाही, पर्याय दाखविला पाहिजे, ही जाणीव चळवळीत लवकरच निर्माण झाली. १९७५ मध्ये नवीकरणीय ऊर्जेची स्वतंत्र संघटना स्थापन झाली. १९७६ मध्ये शासनाने अणुवीजकेंद्रांचा समावेश असलेली ऊर्जायोजना प्रसिद्ध केली, तेव्हा नील्स मेयर प्रभृती विद्यापीठीय भौतिकीविज्ञ व अर्थशास्त्रज्ञ यांनी आकडेवारीसह पर्यायी योजना त्याच वर्षी लोकांपुढे ठेवली. तांत्रिक विज्ञान अकादमीच्या समितीनेही देशाच्या विजेपैकी सु. दहा टक्के वाटा वाऱ्यापासून मिळू शकेल, असा अभिप्राय दिला होता. परंतु अहवालांनी यंत्रे तयार होत नसतात.

पहिले चालणारे यंत्र आले ते एका सुताराकडून. क्रिस्टियन रीसागर हा पश्चिम जटलंडमधील हेर्निंगजवळ राहणारा कारागीर होता. गेडसर येथील यंत्राची रचना लहान प्रमाणावर वापरून त्याने घराच्या आवारात पवनचक्की उभारली आणि १९७५ मध्ये ती घरातील वीजजोडणीस जोडली. वारा आला की, घरातील वीजमापक उलटा फिरू लागे. जनित्र म्हणून साधा चलित्र आणि इतर भाग बाजारात मिळणारे. यामुळे हे यंत्र स्वस्त पडले. पुढील वर्षापासून त्याने २२ किवॉ. क्षमतेची यंत्रे इतरांस विकण्यास आरंभ केला. ग्राहकांनीही यंत्र घेऊन ते गप्प बसले नाहीत. पहिल्या खरेदीदारांपैकी एक पत्रकार होता. त्याने आपल्या यंत्राचे अनुभव छापले आणि पुढे पवनचक्की-मालकांच्या नियतकालिकाचे संपादन केले.

याच सुमारास उल्फबोर्गजवळील ट्विंड येथील शाळांनी आणखी धाडसाचा उपक्रम हाती घेतला. तेथील शिक्षकांनी आपले वेतन एकत्र करून २९ मे १९७५ रोजी सु. ५३ मी. उंचीचा काँक्रीटचा मनोरा व ५४ मी. व्यासाचे चक्र असलेल्या पवनचक्कीचे काम सुरू केले. शिक्षक, विद्यार्थी आणि देशभरातून आलेले शेकडो स्वयंसेवक यांनी हे काम केले. त्यांपैकी बहुतेकांना असल्या बांधकामाचा काहीच अनुभव नव्हता. परंतु त्यांनी तज्ञांना वगळले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. रीसो येथील शासकीय अणुसंशोधन केंद्रातील अभियंत्यांनी व्यक्तिशः सल्ला दिला आणि पाती आसाशी जोडण्याची पद्धत जर्मन पवनविद्युत् तज्ञ उलरिख ह्यूटर यांच्या कामावरून घेतली. काचतंतूंची प्रचंड पाती मात्र त्यांनी स्वतःच घडविली. आठवड्याच्या सुटीत हजारो लोक हे बांधकाम पाहण्यास येत. २६ मार्च १९७८ रोजी यंत्र फिरू लागले. त्याची अभिकल्पित क्षमता २ मेवॉ. असली, तरी ते सामान्यतः सु. १ मेवॉ. पर्यंतच चालविले गेले. ट्विंडच्या शाळासमूहाविषयी पुढे अनेक वाद निर्माण झाले. यंत्र मात्र चाळीस वर्षांहून अधिक काळ चालले. वीजनिर्मितीपेक्षाही त्याचे महत्त्व अशाकरिता की, तेथे काम केलेल्यांनी आपले ज्ञान गुप्त ठेवले नाही. लहान पात्यांसाठी केलेला साचा इतरांना मिळाला आणि त्यावरून एरिक ग्रोव्ह-नील्सन या तरुणाने १९७७ पासून पाच मीटरांची पाती घडवून कोणाही कारागिरास विकण्यास प्रारंभ केला. पाते हा पवनचक्कीचा सर्वांत कठीण भाग होय. तो तयार मिळू लागताच गावच्या लोहारशाळेतही यंत्र जुळविता येऊ लागले.

दोषांची जाहीर चर्चा : नवीकरणीय ऊर्जेच्या संघटनेने १९७६ पासून पवनमेळावे भरविण्यास आरंभ केला. यंत्र बनविणारे, यंत्र वापरणारे, विकत घेण्याच्या विचारात असलेले आणि संशोधक हे सर्व या मेळाव्यांत एकत्र येत. यंत्राचा कोणता भाग मोडला, का मोडला आणि काय केल्याने तो पुन्हा मोडणार नाही, हा तेथील मुख्य विषय असे. उद्योगधंद्यात दोष झाकण्याकडे कल असतो. येथे दोष सांगणाऱ्याला मान होता. १९७८ मध्ये पवनचक्की-मालकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि तिच्याशी संबद्ध असलेले ‘नॅतुर्ली एनर्गी’ (नैसर्गिक ऊर्जा) हे मासिक निघू लागले. या मासिकात प्रत्येक महिन्यास देशातील यंत्रांनी किती वीज निर्माण केली, याची यंत्रवार कोष्टके छापली जात. कोणत्या निर्मात्याचे यंत्र किती दिवस बंद होते, तेही त्यांवरून कळे. जाहिरातींतील दावे आणि प्रत्यक्ष कामगिरी यांतील अंतर असे दरमहा उघडे पडत असल्याने निकृष्ट यंत्रे बाजारात टिकू शकली नाहीत. सामान्य ग्राहकाच्या हातातील हे साधन कोणत्याही शासकीय तपासणीइतकेच कठोर होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

या परस्परांतील देवाणघेवाणीची खरी कसोटी रोधकांच्या प्रश्नावर लागली. सुरुवातीच्या अनेक कारागिरांनी यूल यांच्या रचनेतून जाल, जनित्र व तीन पाती घेतली. परंतु पात्यांच्या टोकांवरील वायुरोधक खर्चिक वाटल्यामुळे वगळले आणि केवळ आसावरील यांत्रिक रोधकावर भिस्त ठेवली. वादळात वीजजाल तुटले किंवा तो एकमेव रोधक निकामी झाला की, चक्र मोकाट सुटे. १९७८ च्या सुमारास अशा काही अपघातांत पाती फुटून त्यांचे तुकडे दूरवर फेकले गेले. ही यंत्रे निर्मनुष्य माळावर नव्हती. ती शेतकऱ्यांच्या घरांपासून शे-दोनशे पावलांवर उभी होती आणि त्यांच्याखाली त्यांच्याच मालकांची मुले खेळत. मालकांच्या संघटनेने या संदर्भात ठाम भूमिका घेतली. अतिवेग होताच आपोआप उघडणारे वायुरोधक असल्याखेरीज यंत्र सुरक्षित मानू नये, अशी मागणी तिने निर्मात्यांपुढे ठेवली. ग्रोव्ह-नील्सन यांनी आपल्या पात्यांच्या टोकांस केंद्रोत्सारी बलाने उघडणारा रोधक बसविला. यूल यांचा जुना उपाय अशा रीतीने परत आला. मात्र या वेळी तो अपघात सोसलेल्या लोकांच्या आग्रहामुळे आला होता.

शासनाने १९७८ मध्ये रीसो येथे लहान पवनचक्क्यांसाठी चाचणी केंद्र काढले. तेथील मूठभर तरुण अभियंत्यांपुढे दोन मार्ग होते : उत्कृष्ट यंत्र स्वतः आखून ते उद्योगांच्या हवाली करणे किंवा इतरांनी बनविलेली यंत्रे तपासून त्यांना सल्ला देणे. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. १९७९ च्या कायद्याने पवनचक्कीच्या किंमतीच्या तीस टक्के रक्कम खरेदीदारास अनुदान म्हणून देण्याची तरतूद केली. मात्र रीसो केंद्राची मान्यता मिळालेल्या यंत्रासच अनुदान मिळणार असल्याने निर्मात्यांना या केंद्राच्या दारी यावेच लागले. एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन रोधक हवेत आणि त्यांपैकी एक वायुरोधक असावा, ही अट लवकरच मान्यतेचा भाग झाली. म्हणजे मालकांनी मागितलेली गोष्टच नियम बनली. अनुदान निर्मात्यास न देता खरेदीदारास दिले गेले, ही बाब किरकोळ वाटली, तरी तिचे परिणाम मोठे झाले. निर्मात्याचे लक्ष मंत्रालयाकडे न लागता ग्राहकाकडे लागले. अनुदानाचा दर क्रमाने कमी होत जाऊन १९८९ मध्ये ते बंद झाले.

या टप्प्यावर उद्योगसंस्था पुढे आल्या. हेअरबोर्ग येथील लोहार कार्ल एरिक योर्गेनसेन आणि तरुण विद्यार्थी हेन्रिक स्टीसडाल यांनी मिळून आखलेल्या यंत्राचे हक्क १९७९ मध्ये व्हेस्टास या कंपनीने घेतले. ही कंपनी त्यापूर्वी शेतीसाठी गाड्या व मालमोटारींसाठी याऱ्या तयार करीत असे. नॉर्डटँक टाक्या बांधीत असे, तर बोनस ही कंपनी शेतीच्या तुषारसिंचनाची साधने करणाऱ्या संस्थेतून निघाली. हे सर्व ग्रामीण ग्राहकांशी जवळचा संबंध असलेले धंदे होते. यंत्र बिघडले की, शेतकरी थेट कारखान्यात येऊन उभा राही आणि अवजड पण टिकाऊ वस्तू बनविण्याची या कारखान्यांना सवयच होती. विमानबांधणीतील हलकेपणाच्या कल्पना त्यांच्याजवळ नव्हत्या, हे त्यांच्या पथ्यावरच पडले. यंत्राची क्षमता ३० किवॉ. वरून ५५ किवॉ. आणि मग त्याहून अधिक अशी एकेका पायरीने वाढली. प्रत्येक पायरीवर मागील यंत्राचे शेकडो नमुने शेतांत फिरत होते आणि त्यांच्या दोषांची यादी मासिकात छापलेली होती.

विरोधी उदाहरणे : अमेरिकेत राष्ट्रीय विमानविद्या व अवकाश प्रशासनाच्या (नासा) देखरेखीखाली मोठ्या विमान व विद्युत् कंपन्यांनी याच काळात प्रचंड यंत्रे आखली. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील बून येथे १९७९ मध्ये उभारलेल्या २ मेवॉ. च्या यंत्राच्या मंद्र घरघराटाने आसपासच्या रहिवाशांची घरे थरारू लागली. त्यांना आधी कोणी विचारले नव्हते. काही वर्षांतच ते यंत्र उतरविण्यात आले. पश्चिम जर्मनीने ३ मेवॉ. क्षमतेचे व १०० मी. व्यासाचे ‘ग्रोवियान’ हे यंत्र १९८३ मध्ये सुरू केले. ते जेमतेम काहीशे तास चालले आणि १९८७ नंतर मोडीत निघाले. डेन्मार्कमधील वीज कंपन्यांनी व शासनाने नीबे येथे १९७९–८० मध्ये ६३० किवॉ. ची दोन यंत्रे उभारली. त्यांपासून मिळालेली मापने उपयुक्त ठरली. तथापि डॅनिश उद्योग उभा राहिला तो त्या यंत्रांवर नव्हे. पीटर कार्नो प्रभृती अभ्यासकांनी या दोन मार्गांची तुलना करून असे दाखविले आहे की, डॅनिश यंत्राची सरशी त्याच्या मूळ कल्पनेच्या श्रेष्ठतेपेक्षा अनुभव गोळा करण्याच्या पद्धतीत होती. हे मत सर्वस्वी मान्य करण्यास एक अडचण आहे. गेडसर येथील यंत्र नसते, तर कारागिरांना आरंभच करता आला नसता आणि यूल हे वीज कंपनीतील अभियंते होते. लोकसहभागाने मूळ शोध लावला असे म्हणता येत नाही. विसरलेला शोध त्याने उचलला, सुधारला आणि विश्वासार्ह केला.

मालकीचे स्वरूप : पवनचक्की एकट्या कुटुंबास परवडेनाशी झाली, तेव्हा जुन्या सहकारी दुग्धालयांच्या धर्तीवर शेजाऱ्यांचे पवनसंघ निघाले. वर्षाला १,००० किलोवॉट-तास वीज हा सामान्यतः एक भाग मानून प्रत्येक कुटुंब आपल्या वापराच्या प्रमाणात भाग घेई. भागधारक त्याच परिसरात राहणारा असावा आणि त्याने ठरावीक मर्यादेपलीकडे भाग घेऊ नयेत, असे निर्बंध बराच काळ होते. त्यामुळे यंत्राचा आवाज ज्याच्या कानी पडे, त्यालाच त्याचा लाभही मिळे. वीज कंपन्यांशी जोडणीचा खर्च व विजेचा दर यांबाबत वर्षानुवर्षे झगडा चालला. १९८४ मधील दहा वर्षांच्या कराराने तो काही अंशी मिटला. २९ मार्च १९८५ रोजी डॅनिश संसदेने अणुऊर्जा राष्ट्रीय योजनेतून वगळण्याचा ठराव केला. विसाव्या शतकाच्या अखेरीस सु. एक लाख कुटुंबे पवनचक्क्यांची अंशतः मालक होती.

निर्यातीची संधी कॅलिफोर्नियातून आली. तेथील करसवलतींमुळे १९८१–८५ या काळात हजारो यंत्रे उभी राहिली. त्यांतील अनेक अमेरिकी यंत्रे अल्पावधीत मोडली आणि डॅनिश यंत्रांचा वाटा जवळजवळ निम्म्यावर गेला. सवलती संपताच मागणी कोसळली व १९८६ मध्ये व्हेस्टासचे दिवाळे निघाले. पुनर्रचनेनंतर कंपनी पुन्हा उभी राहिली. त्याच वर्षी भारतात महाराष्ट्र, गुजरात व तमिळनाडू या राज्यांच्या किनाऱ्यांवर प्रात्यक्षिक पवनकेंद्रे सुरू झाली. त्यांत ५५ किवॉ. ची डॅनिश यंत्रे होती. भारतातील पुढील वाढ मुख्यतः घसाऱ्यावरील करसवलत घेणाऱ्या उद्योगसंस्थांच्या गुंतवणुकीतून झाली. यंत्रे आली, त्यांच्यामागे असलेली मालकांची संघटना आणि यंत्रवार उत्पादनाची जाहीर कोष्टके यांचे अनुकरण मात्र झाले नाही.

उत्तरकाल : यंत्रे मेगावॉटच्या घरात गेल्यावर लोहारशाळेतील प्रयोगांना वाव उरला नाही आणि नागरिकांचा सहभाग रचनेऐवजी जागा व मांडणी या प्रश्नांकडे वळला. त्याचे उत्तम उदाहरण कोपनहेगन बंदराबाहेरील मिडलग्रुंडेन हे समुद्रातील पवनकेंद्र होय. प्रथम तेथे तीन ओळींत २७ यंत्रे योजिली होती. जाहीर सुनावणीत शहराच्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या दृश्याविषयी आक्षेप निघाले. तेव्हा आराखडा बदलून सु. ३.४ किमी. लांबीच्या एका वक्र रेषेत २० यंत्रे, प्रत्येकी २ मेवॉ. क्षमतेची, बसविण्यात आली. केंद्र २००० च्या अखेरीस सुरू झाले. त्याची निम्मी मालकी आठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संघाकडे व उरलेली निम्मी नगरपालिकेच्या वीजसंस्थेकडे होती. सामसो या बेटाची १९९७ मध्ये नवीकरणीय ऊर्जेवर चालणारे बेट म्हणून निवड झाली. तेथेही शेतकरी व रहिवासी यांनी जमिनीवरील व समुद्रातील यंत्रांत भाग घेतले.

याउलट देशात इतरत्र चित्र बदलत होते. १९९९ च्या वीजसुधारणेनंतर निश्चित दर व भागधारकाच्या निवासाची अट या दोन्ही गोष्टी हळूहळू गेल्या. लहान जुनी यंत्रे उतरवून त्यांच्या जागी कंपन्यांची उंच यंत्रे उभी राहू लागली, तसतसा ग्रामीण भागात विरोध वाढला. पूर्वी आपल्या यंत्राचा आवाज सोसणारे लोक आता दुसऱ्याच्या यंत्राविरुद्ध सभा भरवू लागले. ऑस्टरिल्ड येथे प्रचंड यंत्रांसाठी राष्ट्रीय चाचणी केंद्र काढण्याकरिता जंगल तोडण्यास सुरुवात झाली, तेव्हा निदर्शकांनी ते अडविण्याचा प्रयत्न केला. २०१२ मध्ये केंद्र सुरू झाले. रीसो येथे कारागीर आपले यंत्र घेऊन येई आणि अभियंत्यांशी त्यावर वाद घाली. ऑस्टरिल्डला यंत्र येते ते कंपनीच्या कारखान्यातून. परिसरातील रहिवाशी ते दुरून पाहतो.

२००९ च्या नवीकरणीय ऊर्जा कायद्याने प्रत्येक नव्या पवनकेंद्रातील किमान वीस टक्के भाग आसपासच्या रहिवाशांस विकत घेण्यासाठी देऊ करणे बंधनकारक केले आणि घरांच्या किंमती घटल्यास भरपाईची तरतूद केली. देशातील विजेच्या वापरात वाऱ्याचा वाटा २०१५ मध्ये चाळीस टक्क्यांवर गेला आणि त्यानंतरच्या वर्षांत तो निम्म्याच्या आसपास पोहोचला. भागविक्रीची सक्ती २०२० मध्ये रद्द झाली. तिच्या जागी यंत्राजवळ राहणाऱ्यांना वार्षिक रक्कम देण्याची पद्धत आली. गेडसर येथील यंत्राचा शिरोभाग व पाती १९९३ मध्ये उतरविण्यात आली. जटलंडमधील टांगे येथील ऊर्जा संग्रहालयात तो शिरोभाग ठेवलेला आहे.